फादर येऊन गेले

१२ जून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, गुडघा सोडून. तू शिवून दिलेले दोन्ही पांढरे झगे धुऊन वापरायला काढले. कॉलर घट्ट झाली आहे बरं का! ‘मान जाड झालीय तुझी’ म्हणून दहा वेळा चिडवलंस आणि माप मात्र बावीस वर्षांच्या पोराचं घेतलंस. धन्य तुझी! इथल्या शिंप्याकडे नेणार होतो, पण तुझी शिवण उसवायला जीव होईना. वरचं बटण उघडं ठेवून फिरतो.

इकडची बातमी म्हणजे आमची अकरावी शाळा सुरू झाली. अकरावी इयत्ता नव्हे, अकरावी शाळा. आम्ही मिशनचे तिघे ब्रदर इथे उतरलो तेव्हा मालाच्या गोदामात वर्ग भरायचे हे तुला लिहिलं होतंच. फळा नव्हता म्हणून गोदामाचं दार काळं रंगवलं होतं आणि कुणी आत आलं की अर्धं गणित बाहेर जायचं. आता चार देशांत अकरा शाळा आणि सहा हजार मुलं आहेत. ऑफिसात भिंतीवर मोठा नकाशा लावलाय, त्यात टाचण्या टोचल्यात. पाहुणे आले की त्यांना तिथे उभं करतात आणि मला बोलायला लावतात.

पाहुण्यांना जे सांगत नाही ते तुला सांगतो. शाळा वाढल्या, ब्रदर मात्र आटले. सगळे मिळून एकोणीस उरलो, त्यातल्या सात जणांच्या हातात काठी. नवीन कुणी येत नाही. मागच्या महिन्यात आमच्या पहिल्या तिघांतला थोरला गेला. त्याची खोली रिकामी करायला मला अर्धा तास लागला, तोसुद्धा चष्मा सापडेना म्हणून.

वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं होतं. परदेशातल्या सगळ्या शाळांचा प्रमुख मला करायचं त्यांच्या मनात आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू म्हणशील, एवढा मान मिळतोय आणि हा आढेवेढे कसले घेतोय! सांगेन केव्हातरी.

शेवटी आई काय बोलली, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंयस. तसं विशेष काही नाही गं. थकली होती. शांतपणे गेली हे तूही पाहिलंसच. बाकी सविस्तर पुढे लिहीन, आत्ता तासाची घंटा झाली.

मशीनवर वाकून वाकून पाठ धरते म्हणालीस, तर खुर्ची बदल. कंजूषपणा करू नकोस.

तुझा,
भाऊ

---

२९ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी. चार ओळींत तू कधी कुणाची ख्यालीखुशालीही विचारलेली नाहीस. आईसाठी प्रार्थना ठेवायला तू फादरांकडे गेलीस, शेवटच्या वेळी येऊन गेलात म्हणून त्यांचे आभार मानलेस आणि ते गोंधळून म्हणाले, ‘मी त्या दिवशी आलोच नव्हतो. दुसऱ्या गावी मयताला गेलो होतो.’ खाली तू लिहिलंयस, ‘मी औषध घेऊन परत आले तेव्हा तू मला म्हणालास, फादर येऊन गेले. मग कोण येऊन गेलं?’

कुणी नाही, ताई. मीच होतो.

आता सगळं सांगतो. तू औषधांच्या दुकानात गेलीस आणि मी फादरांना आणायला निघालो, इथवर खरं आहे. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. मी तसाच उलट्या पावली घरी आलो. आईच्या खोलीचं दार ढकललं, तर ती मान वळवून म्हणाली, ‘आलात, फादर?’ तिला धड दिसत नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. फादरांसारखाच पांढरा झगा, तेवढा दिसला असणार. आदल्या दिवशी हात चाचपून मला ओळखलं होतं, ‘केस कुठे सांडून आलास रे?’ म्हणून हसलीसुद्धा होती. पण त्या सकाळी ताप चढला होता आणि ती फादरांचीच वाट बघत होती.

‘आई, मी आहे’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. म्हणणारही होतो. पण तिनं लगेच हात जोडून पापाच्या कबुलीला सुरुवात केली आणि श्वास असा तुटत होता की, मला वाटलं, हिला आता थांबवलं तर पुन्हा बोलायला उरणार नाही. मी खुर्ची ओढून बसलो.

आपल्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की, ब्रदरनं शाळेत शिकवायचं. पापाची कबुली ऐकायची आणि क्षमा द्यायची ती फादरनंच. आईनं मला किती वेळा टोमणा मारलाय, ‘एवढं घर सोडून गेलास, तर फादर तरी व्हायचं होतंस!’ मला ते सगळं कळत होतं, तरी बसलो.

ती तुझ्याबद्दल बोलली.

ज्या महिन्यात माझी निवड झाल्याचं पत्र आलं, त्याच महिन्यात तुझंही आलं होतं. सिस्टरांच्या कॉन्व्हेंटकडून. सिस्टर व्हायला तुला घेतलं होतं, ताई. पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं. तिनं ते दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी चुलीत घातलं. ‘एक देवाला दिला होता, फादर. दुसरी देववेना. मग मला कोण होतं?’ असं म्हणाली. ‘माझ्या लेकीला कळू देऊ नका. माझ्या मुलालाही नको, तो लगेच तिला सांगेल.’ लगेच सांगेल म्हणाली! मला किती कमी ओळखत होती.

मग ती थांबली. क्षमेचे शब्द येतील म्हणून डोळे मिटून वाट बघत राहिली. मी म्हणालो ते शब्द. जन्मभर ऐकून पाठ झालेत. हलक्या आवाजात म्हणालो, आवाज ओळखू येऊ नये म्हणून. ती ‘सुटले गं बाई’ म्हणाली आणि तोंड भिंतीकडे करून झोपली.

तेवढ्यात तू आलीस. चप्पल काढायच्या आधीच विचारलंस, ‘मिळाले का फादर?’ आणि मी म्हणालो, ‘येऊन गेले.’ तू किती बरं झालं म्हणालीस आणि डोळे पुसलेस. चार वाजता आई गेली. मी नाही म्हटलं असतं तर तू अनवाणी धावली असतीस, कुठून तरी दुसरे फादर घेऊन आली असतीस. तुझं ते पायपीट करणंही मी अडवलं. खऱ्या क्षमेशिवाय आई गेली ती माझ्यामुळे.

खरा फादर असतो तर ऐकलेलं बाहेर काढता आलं नसतं, तोंडाला कायमचं कुलूप. मी फादर नाही. आई ज्याच्याशी बोलली तो माणूस त्या खोलीत नव्हताच, मग तिनं घेतलेलं वचन कुणी पाळायचं? असा वाद मी चार महिने स्वतःशी घालतोय. खरं सांगू? वाद वगैरे काही नाही. तुला तोंड दाखवायची भीती वाटत होती.

वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बिशपांना कळवलं. आमच्यात हा फार मोठा अपराध आहे. बिशपांचं उत्तर येईपर्यंत मला मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेता येत नाही. रोज सकाळी सगळे पुढे जातात, मी मागच्या बाकावर बसून असतो. मुलं बघतात. एकानं विचारलंसुद्धा, ‘सर, तुम्हाला बरं नाही का?’ प्रमुखपद दुसऱ्याला दिलं, ते ठीकच झालं.

इथे संपवलं असतं तर मी फसवणुकीत आईलाही मागे टाकलं असतं. अजून एक आहे. हे आईनं सांगितलेलं नाही.

आम्ही आलो त्याच बोटीतून पाच सिस्टर आल्या होत्या. आमच्या गोदामापासून दोन रस्ते सोडून त्यांनी मुलींची शाळा काढली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुख्याध्यापिका सहज म्हणाल्या, ‘तुमच्या गावची एक मुलगी आमच्याबरोबर यायची होती. निवड झाली होती, पण तिचं उत्तरच आलं नाही. ओळखता का?’ मी नाही म्हणालो. आपल्या गावातून अर्ज करणारी तू एकटीच होतीस. मी तो पोस्टाच्या पेटीत टाकून आलो होतो.

ताई, मला तेव्हाच कळलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी आई अजून धडधाकट होती, तू चोवीस वर्षांची होतीस, एक पत्र टाकलं असतं तर पुढच्या बोटीनं आली असतीस. पण तू निघाली असतीस, तर आईजवळ कुणी राहायचं, हा प्रश्न माझ्या दारात आला असता. मला इथलं गोदाम, ती पोरं, तो काळा रंगवलेला दरवाजा सोडवत नव्हता. म्हणून कानावर हात ठेवले. त्याच आठवड्यात तुला पत्र लिहिलं होतं, वीस नवीन बाकं आली म्हणून. तू उलट लिहिलंस, ‘मजा आहे तुझी! आमचा आवाज मोठा, म्हणून सिस्टरांनी आम्हाला नाकारलं, नाहीतर मीही आले असते पोरी हाकायला.’ इतकी वर्षं तू हा विनोद करतेस आणि मी हसल्याचं लिहितो.

त्या मुलींच्या शाळेत आता नऊशे मुली आहेत. सुटल्यावर आमच्या फाटकावरून जातात. त्यांना ओरडून रांगेत ठेवणारं तिथे कुणी नाही.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, आणि लिहिणार नाही. मागायचं आहे ते आईसाठी. मी तिला दिलेली क्षमा खोटी होती. देवाची देव बघेल. पण तिनं जिचं पत्र जाळलं, ती तू आहेस, आणि तू अजून त्याच घरात, तिच्याच पलंगाशेजारी मशीन लावून बसतेस. तुला जमलं तर, जेव्हा जमेल तेव्हा, तिचं नाव घेऊन एकदा मोठ्यानं म्हण. तुझ्या त्या मोठ्या आवाजात. नाही जमलं तर म्हणू नकोस. त्याचा दोष तुझ्या माथी नाही.

मला लिहिलं नाहीस तरी समजेन. वाट बघणार नाही, असं मात्र लिहीत नाही. खोटं लिहायचं सोडलंय.

तुझं आयुष्य वापरून जगलेला,
तुझा भाऊ