बाबांना आडवं नेलं

आई,

बाबा आत्ता आत आहेत. ठाण्याच्या इस्पितळात एमआरआयच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, त्याच्या टोकाला बसून मी फाइलमधल्या कोऱ्या कागदावर हे लिहिते आहे. पाऊण तास लागेल म्हणाले. आतून ठकठक असा आवाज येतो, मध्येच थांबतो, आणि थांबला की मी दाराकडे बघते. मग परत सुरू होतो. आपला धाकटा खिडकीवर कागद भरायला गेला आहे. हातात काहीतरी काम असल्याशिवाय मला बसता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. भाकऱ्या थापताना तू म्हणायचीस, "गो, किती घोर लावून घेशील जीवाला, तवा तापलाय का ते बग आदी." तवा तापलेलाच असायचा. मी तरी बोट लावून बघायचे आणि चटका बसला की तू रागावायचीस.

गेल्या महिन्यात बाबा मोरीत घसरले. पडले म्हणजे नुसते बसले, असं तेच सांगतात. दोन दिवस कोणाला काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाय जड झाला म्हणाले, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं आणि फोटो काढायचं मशीनही घरीच आणलं. पाठीचा एक मणका चेपला आहे आणि नस दाबली जाते आहे. डॉक्टर मला गॅलरीत घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "एमआरआय होऊन सर्जन बघेपर्यंत यांना बसवायचं नाही. जेवायलासुद्धा नाही. बसवलंत आणि मणका सरकला, तर पाय जातील." मी ते तीनदा विचारून घेतलं. त्या दिवसापासून तासातासाला बाबांच्या पायाशी जाते आणि अंगठ्याला हात लावून विचारते, कळतंय का. आधी सांगायचे. आता म्हणतात, "कळतंय, आन् तुज्या आदी कळतंय."

बसायचं नाही, तर दिघाशी गावाहून ठाण्याला न्यायचं कसं? सरकारी गाडीच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस चांगला बोलला. म्हणाला, "ताई, आमची गाडी जीव धोक्यात असेल तेव्हाची. तारीख घेऊन तपासणीला जायचं, तर खासगी स्ट्रेचरची गाडी बघा." खरंच होतं त्याचं. माझ्या दारात गाडी उभी आणि तिकडे कोणी अपघातात पडलेलं, असं व्हायला नको. मग नंबर गोळा केले. पहिला म्हणाला, "स्ट्रेचर है ना, सीट पूरा पीछे जाता है." म्हणजे टेकून बसायची खुर्ची. मी म्हटलं, बसवायचं नाही आहे. तो म्हणाला, "बैठाने का नहीं मैडम, टेकाने का." दुसऱ्याने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "बॉडी किधर से उठाने का है?" मी एवढ्या जोरात ओरडले, "जिंदा है!" की आतून बाबांनी विचारलं, कोन जिंदा हाय? तो बिचारा सॉरी बहन, सॉरी बहन म्हणत राहिला. त्याचा धंदाच तो होता.

तिसरा भिवंडीचाच निघाला, आणि त्याने मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. वजन किती? लघवीची नळी आहे का? कूस बदलताना दुखतं का? खोली कितव्या मजल्यावर? जिना सरळ आहे की वळतो, आणि वळतो तिथे लांबी-रुंदी किती? फाटकापासून गाडी किती लांब उभी राहील? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या दिवसांत माझ्यापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस भेटला. आपलं जुनं घर तुला माहीत आहे, हे नवं तू बघितलं नाहीस. खालचा गाळा सुताच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिला आहे, आम्ही वर राहतो, आणि मधला जिना असा अरुंद की कपाट चढवताना भिंतीचा रंग गेला. मी टेप घेऊन मोजलं. दोनदा मोजलं आणि दोन वेगळी मापं आली.

इथे मी चूक केली. मापांवर विश्वास बसेना, म्हणून धाकट्याला म्हटलं, आपण रंगीत तालीम करू. स्ट्रेचरएवढं लांब काय आहे घरात? गच्चीवर बांबूची शिडी होती, नारळ पाडायची. तिच्यावर गोधडी अंथरली, दोरीने बांधली, आणि आम्ही दोघं भावंडं ती शिडी जिन्यावरून खाली आणू लागलो, मी पुढे, तो मागे. वळणावर बरोबर फिरली. मला इतका आनंद झाला की तशीच ती फाटकापर्यंत नेली, म्हणजे गाडीपर्यंतचं अंतरही कळेल. तेवढ्यात समोरून आत्या आली. बांबू, गोधडी, दोरी, आणि दोन्ही पोरं धरून निघालेली. ती तिथेच रस्त्यात बसली आणि तिने हंबरडा फोडला. "आरं दादा रं! मना कोनी सांगतला न्हाय रं! कवा झाला गो?" आम्ही शिडी खाली ठेवून तिला आवरेपर्यंत चार घरची माणसं धावत आली होती. एकाने टोपीसुद्धा काढली.

तुला हसू आलं असेल. मलाही आलं असतं, पण वरच्या खोलीत बाबा सगळं ऐकत होते. मी धावत वर गेले तर छताकडे बघत म्हणाले, "बगून झाली का लोकांची माजी तिरडी?" आणि मग, "मी आडवा जानार न्हाय. आपल्या गावातून आडवा जातो तो परत येत न्हाय. तुजी आई कंबर मोडली तरी बसून गेली. हूं की चूं केला न्हाय तिनी. मी बाप्या मानूस झोपून जाऊ?"

आई, हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकते आहे. लग्नकार्यात, बाराव्याला, सुनांना धडा द्यायला, सगळीकडे. तू ओल्या ओट्यावरून पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेजारचा तागे वाहणारा टेम्पो गादी घालून दारात उभा होता. बाबांनी तो परत पाठवला. म्हणाले, आडवी न्हेली तर लोक बोलतील, गेली. मग रिक्षा आणली. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर बाबा, मागे आत्या, मी, आणि मधे तू. मी तुला काखेतून धरून बसतं ठेवलं होतं. शेलार गावापर्यंत रस्ता कसला, नुसते खड्डे. तू ओठ घट्ट मिटले होतेस. कशेळीला पुलाअलीकडे ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा तू तोंड माझ्या कानाशी आणलंस आणि म्हणालीस, "मना आडवी कर गो." एवढंच. मी म्हटलं, "आलंच आता." काहीही आलेलं नव्हतं. पूल दिसतसुद्धा नव्हता. तू दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी ऐकलं नाही असं केलं, कारण बाबांना रिक्षा थांबवा म्हणायची माझी हिंमत नव्हती. एकोणीस वर्षांची होते मी. इस्पितळातले डॉक्टर फोटो बघून चिडले, कसं आणलंत यांना, हाड किती सरकलंय. ऑपरेशन झालं, पण तू पुन्हा उभी राहिली नाहीस आणि तीन महिन्यांत गेलीस. भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगू लागले, एक शब्द बोलली नाही. आत्याला काही ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, हो, काही बोलली नाही. तुझं कौतुक होत होतं ना. आणि मी सुटत होते.

आज सकाळी गाडी वेळेवर आली. तीन माणसं, एकाच्या हातात पिवळी फळी, पट्टे, चादर. बाबांनी त्यांना बघितलं आणि दोन्ही कोपर गादीवर रोवले. उठायलाच लागले. मान वर, खांदे वर, तोंड वेदनेनं वाकडं. गाडीवाल्यांतला मोठा ओरडला, "चाचा, नहीं! लेटे रहो!" धाकटा नुसताच "बाबा, बाबा" करत होता. मला त्यांच्या पाठीतला तो मणका डोळ्यांसमोर दिसत होता, आता सरकेल, आत्ता. बाबा म्हणाले, "हात दे. तुज्या आईला धरलास तसा मना धर."

आणि मी म्हणाले, "आई बोलली होती. आडवी कर म्हणाली होती. दोनदा म्हणाली."

आत्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. बाबा कोपरांवर तसेच अर्धवट माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. मग त्यांचे कोपर हळूहळू सैल झाले आणि डोकं उशीवर टेकलं. त्यांनी डोळे मिटले. गाडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी चादरीसकट बाबांना फळीवर घेतलं, इतकं अलगद की मी शिकून घ्यायला हवं. जिन्यापाशी आत्याचा धीर सुटला. "पाय फुडं नको रं! पाय फुडं कोनाला न्हेतात!" माणूस म्हणाला, "अम्मा, सीढ़ी पे सर ऊपर रखना पड़ता है, नहीं तो खिसकेगा." दोघांचंही बरोबर होतं आणि मी मधे. तेव्हा बाबा डोळे न उघडता म्हणाले, "पाय फुडं तं पाय फुडं. न्या." आत्या बाजूला झाली. खाली सुतवाल्याने गाळ्याचं शटर अर्धं ओढून घेतलं, काय समजून कोण जाणे. फाटकापाशी लोक उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला, म्हणजे जिवंत आहे हे कळावं.

गाडीत मी त्यांच्या डोक्याशी बसले. प्रत्येक खड्ड्याला मी म्हणायचे, बोटं हलवा. ते हलवायचे. ड्रायव्हर खड्डा आला की बैलगाडी हाकावी तसा चालवत होता, मागून हॉर्न वाजत होते, तो ढिम्म. कशेळीला पुन्हा तीच रांग लागली. आता दोन्ही बाजूंना गोदामं झाली आहेत, तुला ओळखू यायचं नाही. बराच वेळ गाडी जागची हलली नाही. बाबा छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मी फुडंच बसलेलो. मना कसा ऐकू आला न्हाय?"

मी म्हटलं, "रिक्षाचा आवाज होता, बाबा."

ते म्हणाले, "थांबवली असती मी." त्यांनी थांबवली असती की नसती हे मला माहीत नाही, आई. पण डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, आणि आडवे असल्यामुळे ते पुसायला त्यांना हात नीट वळवता येईना. मी पुसलं. त्यांच्या डोक्यात आता असं आहे की तू मोठ्याने बोललीस, त्यांना ऐकवण्यासाठी बोललीस, आणि ते बहिरे ठरले. बावीस वर्षं ज्याचा अभिमान धरला, ते आज सकाळी मी त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या जागी हे ठेवलं. पायांसाठी करावं लागलं, असं मी स्वतःला सांगते आहे. पण पायांसाठी अर्धंच लागत होतं. ते अर्धं मी दिलं. उरलेलं, की तू माझ्या कानात बोललीस आणि मी "आलंच आता" म्हटलं, ते अजून माझ्यापाशीच आहे.

आतला आवाज थांबला आहे. या वेळी परत सुरू झाला नाही. दार उघडेल, ते त्यांना बाहेर आणतील, मी आधी अंगठ्याला हात लावीन. मग सर्जन काय म्हणतात ते ऐकायचं. मग परत गाडी, परत कशेळी. बाबा प्रत्येक इस्पितळात फाइलमधला कागद न् कागद मागून वाचतात, म्हणून हे कागद फाइलमध्ये ठेवणार नाही, घडी करून पर्समध्ये टाकते आहे. परतीच्या वाटेवर त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा रिक्षाचाच आवाज सांगेन.