अष्टमीचा काळा पाट

५ जुलै, शनिवार
या पंधरवड्यात हिरवी माझ्याकडे यायची. नंदाचा रोह्याहून मेसेज: कंपनीने शिफ्ट बदलली, स्टेशनवर यायला जमत नाही, बाळूबरोबर पाठवते. बाळूचं गडबला हायवेवर पंक्चरचं दुकान, पेणला सामान आणायला येतोच. पण त्याच्या हाती रेकॉर्ड म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.
एक रेकॉर्ड, तीन मालक: नंदा, बाळू, मी. हिरव्या लेबलची, डबची (म्हणजे गाणं जवळजवळ काढून टाकून बेस आणि ढोल ठेवलेलं रेगे), इंग्लंडहून मागवलेली री-इश्यू. मूळ छापाची आमच्यापैकी कुणी या जन्मी बघणार नाही. आता री-इश्यूही संपली. साइटवर नावापुढे लाल अक्षरं.
ह्यांनी जेवताना विचारलं, "परत ती गिरणीचा पट्टा सुटलेली येणार का?" मी भात वाढला.

९ जुलै
माहेराहून परत. बाळू मी नसताना येऊन गेला. फोन केला तर म्हणे, "कारखान्यात अप्पांकडं दिली ना वैनी. अष्टमीच्या पाटलांची हाय, जपून ठेवा, असं सांगून दिली." अष्टमीचे पाटील म्हणजे नंदा, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहते.
सासऱ्यांचे दोन्ही हात शाडूत. "फळीवर असेल, बघ." फळीवर पाटच पाट. सध्या गिऱ्हाइकं आपापले पाट आणून टाकतात, अप्पा त्यावर गणपती करतात, चतुर्थीला ज्याचा त्याने न्यायचा. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. उद्या शोधीन.

१७ जुलै
नाही. फळीवर नाही, माळ्यावर नाही, कपाटामागे नाही. बाळूवर संशय. मागे एकदा त्याने एका हळदीला आपल्या मोठ्या स्पीकरवर डब लावलं होतं. अर्धा तास झाल्यावर नवरदेवाच्या मामाने विचारलं, "गाणं कधी सुरू व्हायचं?" त्या अपमानानंतर बाळूने हिरवी कुठेही नेणार नाही अशी शपथ घेतली होती. शपथेचं काय, मीही रोज योगासनं करणार होते.
नंदाला कळवलं नाही अजून.

२६ जुलै
सापडली.
रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत एक छोटा, पितांबर पिवळा, बैठक गोल आणि काळी. म्हटलं किती छान. मग खाली वाकून बघितलं. फळीच्या फटीतून हिरवं लेबल.
अप्पांना विचारलं, हा कशावर बसवलाय?
"पाटावर."
"कुणाच्या?"
"अष्टमीच्या पाटलांच्या. चिठ्ठी होती." चिठ्ठी नंदाच्या अक्षरात. पाटील, अष्टमी. जपून.
अप्पा खुशीत होते. हल्ली गोल पाट येतात म्हणाले, परवा एकाने काचेचा आणला. "हा बरा. बारीक रेघा आहेत, माती धरून ठेवतो. मधे भोक आहे, म्हटलं पाणी जायला केलं असेल. जरा लवतो, म्हणून खाली फळी दिली."
त्या रेघांवर सुई ठेवताना आम्ही श्वास रोखून धरतो. तिथे अप्पांनी शाडू थापला.
तारेने कापून दुसऱ्या पाटावर घेऊ म्हटलं. अप्पांनी चष्मा काढला. चष्मा काढला की विषय संपला. "आखणी झाली कालच. डोळे उघडलेला गणपती पाटावरून खरवडायचा? माझ्या हयातीत नाही. ज्याचा पाट, त्याच्या घरी गणपती."
"पाटलांकडे गणपती नसतो, अप्पा."
"आता असेल."

२७ जुलै
नंदाला फोन. सगळं सांगितलं. मग एकच प्रश्न: "कुठल्या बाजूवर बसलाय?"
"ए."
मागे कंपनीतल्या मशीनचा आवाज. मग म्हणाली, ए नको होती गं.
पुढच्या रविवारी येते, अप्पांशी स्वतः बोलते. लॅबमध्ये मोठमोठ्या साहेबांचे माल नापास करते, अप्पा काय चीज आहेत. मी म्हटलं ये.

३ ऑगस्ट, रविवार
नंदा आली. आईला घेऊन आली. काकींना पेणचे कारखाने बघायचे होते म्हणून. इतकी हुशार मुलगी, आणि ही चूक!
काकींनी गणपती बघितला, पदर सावरला, हात जोडले. पाटलांचा गणपती थोरल्या दिरांकडे, गावी. लग्न झाल्यापासून काकी तिथल्या चुलीपुढे. मोदक वळायचे, नारळ खवायचे, पंगती वाढायच्या. आरतीला बाहेर येईपर्यंत कापूर विझलेला.
"नंदा गो, ह्यो आपल्या नावानं बसलाय."
"आई, ती रेकॉर्ड आहे."
"असूं दे. बसलाय ना?"
मला मधे पडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण काकी त्या गणपतीकडे अशा बघत होत्या की मी चहा टाकायला आत गेले. आनंद झाला. खरंच झाला. आणि चहात साखरेऐवजी मीठ पडलं, कारण ए बाजूचं तिसरं गाणं डोक्यातून जाईना.
जाताना काकींनी दीड दिवसाचा ठरवला. अप्पांनी सोंडेला पुन्हा एक हात मारला, आपल्या खुशीने.

१० ऑगस्ट
गडबला तिघांची बैठक, बाळूच्या दुकानात. रेगेच्या जगभरच्या ग्रुपमध्ये तिघं रायगडचे निघाले तेव्हा प्रत्येकाला वाटलं होतं बाकीचे दोघं खोटे आहेत. आज बाळू खोटाच निघता तर बरं झालं असतं.
बाळूला फार लागलंय. दोन बिस्किटांवर थांबला.
प्रयोग केला. एका जुन्या, फुटकळ रेकॉर्डवर मी कारखान्यातून नेलेला शाडू थापला, पंख्याखाली वाळवला, आणि ट्यूब बुडवून बुडबुडे बघतात त्या टबात सोडली. मधे एक ट्रकवाला आला, टबात वाकून बघितलं आणि पुढच्या दुकानात गेला. माती हळूहळू सुटली. धुतली, पुसली, लावली. वाजली! थोडी खरखर.
"डबमधी कळनार पन नाय," बाळू. त्याच्याकडे आम्ही दोघींनी मिळून बघितलं.
म्हणजे पाण्याची भीती नाही. भीती नदीची. श्रावणाच्या पाण्याने कुंडलिका भरून वाहते. घाटावरचे स्वयंसेवक गणपती हातात घेतात, मधल्या धारेत नेऊन सोडतात. शाडू सुटेपर्यंत कोण थांबणार? तर घरच्या घरी, टबात विसर्जन. पर्यावरण वगैरे. नंदा आईला पटवणार.

१३ ऑगस्ट
नाही पटलं. काकी म्हणाल्या, "नदी दारात असताना टबात? गनपतीचा पंक्चर काढताव काय?"
बाळूने बढाई मारून टबाची गोष्ट त्यांना सांगितली होती.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
सकाळपासून कारखान्यात झुंबड. दुपारी कशीबशी सुटून मेमू गाडीने रोहा, रिक्षाने पुलापलीकडे अष्टमी.
नंदाने मोदक केले होते. लॅबमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी बाई, पण एकाही मोदकाला नाक नव्हतं. काकी नवं लुगडं नेसून बाहेरच्या खोलीत बसलेल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. आरतीला सगळ्यांच्या पुढे, ताम्हण हातात. आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं.
काकींचे थोरले दीर आले होते. फुगलेले. गणपतीभोवती फिरून म्हणाले, पाट निराळाच दिसतोय.
"इंग्लंडवरना आनलाय," काकी. हिरवीला इतका मान आम्ही तिघांनी मिळून कधी दिला नसेल.
बाळू आरतीत झांजा वाजवत होता, दर दुसरी झांज गाळून, रेगेच्या ठेक्यात. नंदाने पायावर पाय दिला तेव्हा सरळ वाजवायला लागला.

२८ ऑगस्ट
विसर्जन. सविस्तर लिहायचं आहे पण हात दुखतोय. मी काय केलं तर नुसती दोरी धरून ठेवली.
ठरलं असं: बाळू खालची फळी काढून गणपती घेऊन पाण्यात उतरणार, त्याच्या कमरेला दोरी, दोरी आम्हा दोघींकडे. स्वयंसेवकाने हात पुढे केला, "द्या, मी सोडतो." बाळू म्हणाला, नाय, आमच्यात घरच्या मानसानं सोडायचा. कोण घरचा? त्याच्या घरी गणपतीच नाही, चतुर्थीला कुलूप, बायको माहेरी. पण काकींनी मान हलवली. घरचाच, म्हणाल्या.
तीनदा बुडवला. मग छातीभर पाण्यात गणपती धरून बाळू उभा. उभाच. शाडू काही सुटेना. अप्पांचं काम! मागे रांग लागली. "ओ भाऊ, चला की!" "भक्त हाय बाबा, सोडवत नसंल त्याला." एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. नंदा पुटपुटत होती, धर, धर, कड धरू नकोस, लेबलला धर.
मागून मंडळाचा मोठा गणपती उतरला, लाट आली, बाळू गेला खाली.
मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नंदा म्हणते मी "हिरवी!" ओरडले. मला वाटतं मी "बाळू!" ओरडले. दोरी ओढली एवढं खरं.
आधी हात वर आला. हातात काळी, स्वच्छ, पाणी गळणारी. मग बाळू. घाटावर मोरया मोरया. काकींनी पुढे होऊन रेकॉर्ड त्याच्या हातातून घेतली. रिकामा पाट घरी नेत नाहीत. त्यांनी वाकून ओंजळभर वाळू उचलली आणि ए बाजूवर ठेवली.
वाळू! नंदाने डोळे मिटले. मीही.

७ सप्टेंबर
हिरवी देवघरात आहे. घाटावरून आल्यावर आरती झाली, वाळू घराच्या चार कोपऱ्यांत आणि तांदळाच्या डब्यात गेली, पाट पुसून देवामागे उभा केला. हळद-कुंकवाचं बोट लागलं ते नशिबाने लेबलवर. नंदाने कालच हात लावायला बघितला. "अंघोळ केलीस?" "केली." "मग पुन्ना कर." पुन्हा करून आली तर काकी म्हणाल्या, आता राहू दे, पुढल्या वर्षी याच्यावरच बसेल.
माझी पंधरवड्याची पाळी कधीच उलटून गेली. नंदाची चालू आहे असं धरायचं की देवाची?
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता इतके हसले की ठसका लागला. पाणी दिलं, उशिरा.

२१ सप्टेंबर
आज वाजली!
युक्ती बाळूची. काकींना म्हणाला, "काकी, तुमचा पाट बोलतो. ऐकाचाय?" काकी दोन दिवस विचार करून हो म्हणाल्या. अट: पाट घराबाहेर जाणार नाही. म्हणून बाळूने त्याच्या टेम्पोतून एक स्पीकर अष्टमीला आणला, तिसऱ्या मजल्यावर चढवला. माझा प्लेअर मी मेमूतून मांडीवर आणला. शेजारच्यांना वाटलं नंदाची हळद. दोघी जणी विचारूनही गेल्या, मुलगा कुठला.
ए बाजू. सुई ठेवली नंदाने. खर्र. आणि मग तो बेस. खिडकीची काच, देव्हाऱ्यातली घंटा, माझं पोट. सगळं आहे तसं आहे. मला रडू आलं, लपवलं नाही.
तिसऱ्या गाण्यात मला एक टिकटिक ऐकू येते. नंदा म्हणते नाही. बाळू म्हणतो टिकटिक आहे पण आधीपासून होती, उलट शाडूने रेघा साफ झाल्या, ए बाजू पहिल्यापेक्षा चांगली. यावर आमचं जोरात भांडण. काकींनी हात वर केला तेव्हा गप्प झालो.
काकी डोळे मिटून ऐकत होत्या. गाणारा येतो, अर्धी ओळ म्हणतो आणि कुठेतरी विरतो, गिटार एकदा टिचकी मारून जाते, उरतो तो बेस आणि ढोल. काकी म्हणाल्या, "बाकीचे जेवायला गेलं वाटतं."
नंदाने आवाज जरा वाढवला.
"ह्यो एकटाच ऱ्हायलाय बिचारा. पन वाजवतो बरा."
बाजू संपेपर्यंत उठल्या नाहीत. मग विचारलं, पाठीमागंपन काय हाय का? बीसुद्धा पूर्ण ऐकली. मला वाटलं, झालं, सुटली हिरवी. माझ्या हातात पिशवी तयार होती.
काकींनी रेकॉर्ड पदराने पुसली (पदराने! गोल गोल!) आणि देवामागे ठेवून दिली. "येत जा गो आयतवारी. लावू."

५ ऑक्टोबर
तीन रविवार अष्टमी. काकी आता स्वतः सांगतात, आज बी आधी लाव. टिकटिक त्यांनाही ऐकू येते. नंदाला सांगितलं नाही, पण माझी बाजू बळकट होतेय ते बरंय.
पण माझ्या घरात हिरवी नाही. माझी खुर्ची, माझा दिवा, सगळे झोपलेत आणि मी एकटी ऐकतेय, ते नाही. ते मला हवं आहे. काकींचं सुख बघून ते कमी हवं झालेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे बोलता येत नाही.

११ ऑक्टोबर
बातमी! हिरवी पुन्हा छापतायत. नंदाने ग्रुपवर वाचलं, मला फोन, मी बाळूला फोन. बाळूने गिऱ्हाइकाचं चाक अर्धवट सोडून नाव नोंदवलं. म्हणजे एक देवाची, एक आमची. फेरा पुन्हा सुरू.

१२ ऑक्टोबर, रविवार
अष्टमी. आनंदाच्या भरात बाळूने काकींना सांगून टाकलं, काकी, दुसरी येते, अश्शीच, हिरव्या लेबलची.
काकींनी सुई स्वतःच्या हाताने उचलली. शिकल्यात.
"बरं झाला," म्हणाल्या. "गौरीला पाट नव्हताच."
अप्पांनाही कळलंय. काकींनी मी जिना उतरायच्या आत फोन केला असावा. घरी आले तर विचारत होते, दुसरा पाटही गोलच ना?
पार्सल कुणाच्या पत्त्यावर मागवायचं यावर आमचं तिघांचं फोनवर बराच वेळ चाललं. पेण नको, अष्टमी तर नकोच. गडब म्हणावं तर बाळूची बायको काल दुकानात येऊन विचारून गेली, आपल्याकडंपन आनू या काय गनपती?