कोरसमधला आईचा आवाज

ठमे,

थोर संगीतकाराचं तरुणपणीचं कामही थोरच असतं. असं म्हणणाऱ्याने माझ्याकडच्या सीडीवरचा अशाच एका थोराचा पहिला ऑपेरा ऐकलेला नसावा. त्यात माणसं प्रेमापायी प्राण सोडतात आणि सोडल्यावरही बराच वेळ गात राहतात. लोक हा ऑपेरा विसरले ते उगाच नाही.

पण त्याचं एकमेव रेकॉर्डिंग तुझ्या आईच्या कोरसने केलंय. ती गेल्यापासून तिचा आवाज कानावर पडला नव्हता, म्हणून आज सीडी लावली. शेवटच्या अंकात सगळे एकदम गातात, तरी मी तिला बरोबर ओळखलं. वरच्या सुरावर ती नेहमी जरा घाईने चढायची, तशीच चढली. तेवढाच तुकडा दुपारभर ऐकत बसलो. शेजारचे काका भिंत ठोकून दमलेत. भेटले तर माझ्या वतीने माफी माग.

जेवण झाकून ठेवलंय. मी जरा पाय मोकळे करून येतो. सीडी प्लेअरमध्ये तशीच राहू दे, आल्यावर पुन्हा लावणार आहे.

मावशीला मोठ्या उत्साहाने फोन केला होता. तीही त्याच कोरसमध्ये होती ना. म्हणाली, “भावजी, रेकॉर्डिंगच्या दिवशी ताईचा घसा बसला होता. ती आलीच नव्हती.”

बाबा