आत्ता नको

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा पुसलं! चहा ओतत होते तेव्हा शिक्षकांच्या ग्रुपवर पोस्ट होती, पेला रिकामा होईतो गायब. वरच्या खोऱ्यातल्या एका तरुण शिक्षिकेने एवढंच विचारलं होतं — मतदारयाद्या घेऊन बर्फातून दारोदार फिरायची सक्ती आमच्याच शाळेला आहे की सगळ्यांना? ॲडमिन मेलिस बायकेंनी — थोरला भाऊ म्हणून सगळे त्यांना बायके म्हणतात — उडवलं. खाली त्यांचं ठरलेलं वाक्य : हा ग्रुप पाठांसाठी आहे, राजकारण नको.

गेल्या महिन्यात एकाने लिहिलं, शाळेचा कोळसा अजून आला नाही, मुलं कोट घालून बसतात. तेही राजकारण! उद्या कुणी "आज थंडी फार" म्हणालं तर तेही पुसतील.

आणि नाव काय, तर मेलिस. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन — बापाने चौघांची पहिली अक्षरं जोडून पोराचं बारसं केलं. चार पुढारी नावात घेऊन साठ वर्षं फिरणारा माणूस मला सांगतो राजकारण नको! हे मी त्यांना तोंडावर ऐकवलंय. रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच सांगतो, तोलकुन. मला ते जन्मापासून पुरलंय."

ॲडमिन मीही आहे. नावापुरती. पुसतात ते, आणि शिव्या खायच्या आम्ही दोघांनी.

४ फेब्रुवारी, बुधवार

ग्रुपवर दिवसभर खडाजंगी. मी सुरू केली, खोटं का बोला! लिहिलं — मी इतिहास शिकवते. वर्गात सगळ्या राजांची भांडणं सांगायची आणि शिक्षकांनी आपसांत मात्र तोंडाला कुलूप घालायचं, हा कुठला न्याय? मतदान केंद्रावर आम्हीच बसायचं, याद्या आम्हीच करायच्या, शिक्के आम्हीच मारायचे, आणि बोलायचं मात्र नाही.

मेलिस बायकेंचं उत्तर : इथले स्क्रीनशॉट बाहेर जातात. आठशे जणांच्या नोकऱ्या आहेत.

अर्धे माझ्या बाजूने. अर्धे गप्प. मधेच अनारकान आली. सुसामिरच्या छोट्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग शिकवते. दर बुधवारी तिचा पाठ येतो — एक छोटी गोष्ट आणि तिच्यावर प्रत्येक इयत्तेसाठी वेगळा प्रश्न, पहिलीला सोपा, चौथीला अवघड. खाली उत्तरासाठी ओळी मोकळ्या. डोंगरातल्या निम्म्या शाळा तिच्या पाठांवर चालतात. एरवी ही बाई एक शब्द लिहीत नाही. आज मला थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणत लिहिलं, "एजे, भांडू नका ना. तुमच्या भांडणात माझा पाठ वर जातो आणि मग कुणाला सापडत नाही."

लाज वाटली. थोडी.

अबदील जेवताना म्हणाला, तुझा ग्रुप म्हणजे दुसरं सासर झालंय, तिथे भांडतेस आणि इथे धुसफुसतेस. नवरा आहे, बोलणारच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मेलिस बायकेंचा फोन. आवाज बसलेला. अनारकानचा बेकतुर गेला.

मला आधी कळेचना. बेकतुर? तो रशियात होता ना, सायकलवरून लोकांना जेवण पोचवायचा? तोच, म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या सैन्याच्या करारावर सही करून लढाईवर गेला होता. घरी कुणाला सांगितलं नाही. रविवारी त्याच्या काकाच्या फोनवर कुणीतरी कळवलं. काका मेलिस बायकेंच्या वर्गातला, म्हणून त्यांना माहीत.

बेकतुरला मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला अनारकान इथे आली तेव्हा तिला न्यायला आला होता. माझ्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावर नेल्या आणि चहाला थांबला नाही. लाजरा. आईसारखाच.

शेवटी मेलिस बायके म्हणाले, "तोलकुन, ग्रुपवर काही टाकू नकोस. आत्ता नको." आणि फोन ठेवला.

का, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. का ते मला पाठ होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

टाकलं. पहिल्या तासाच्या आधी उभ्या उभ्याच लिहिलं. लिहिलं की आपल्या अनारकानचा मुलगा बेकतुर परक्यांच्या लढाईत मारला गेला. पोटासाठी गेलेलं पोर होतं, हातात बंदूक कुणी आणि का दिली हे विचारणारं कुणी नाही. आपण शिक्षक, आपल्याच वर्गातून ही मुलं जातात. हेही राजकारण म्हणून पुसायचं असेल तर खुशाल पुसा, पण मग सांत्वनही राजकारण आणि रडणंही राजकारण!

दोन तासांत शेकडो जणांनी हात जोडले. काही रडत होते. मला — लिहू नये, पण — बरं वाटलं. वाटलं, जिंकले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तिला माहीत नव्हतं.

देवा! तिला माहीतच नव्हतं!

तिचा थोरला भाऊ तलासला असतो. ओतमोकचा घाट बर्फाने बंद, तो पलीकडे अडकलेला. आणि भाऊ आल्याशिवाय आईला कसं सांगायचं? मोठी माणसं सकाळी जमणार, तिला मधे बसवणार, दोन्ही बाजूंनी धरणार आणि मग सांगणार. माझ्या वडिलांच्या वेळी मला असंच सांगितलं होतं. माझ्या सासूलाही. मी काय परदेशातून आलेय? तीन दिवस सगळं गाव तिच्यासमोर हसतबोलत होतं. जावेने तिचा फोन लपवून ठेवला होता आणि तीच तिच्याबरोबर घरभर शोधत होती.

आज बुधवार. पाठ चुकायला नको. म्हणून तिने शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा फोन मागून घेतला आणि ग्रुप उघडला.

हे सगळं मेलिस बायकेंनी फोनवर सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, माझंही चुकलं, ऊठसूट नको नको म्हणत आलो, खरं नको होतं तेव्हा कारण सांगायला हवं होतं. पोस्ट त्यांनी पुसली होती. पुसून काय होणार!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत गेले नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल जाऊन आलो. मेलिस बायकेंच्या गाडीतून, बोगद्यापलीकडे.

अंगणात नमद्याचा तंबू उभा केलेला. पुरुष बाहेर कमरेत वाकून रडत होते. बेकतुरचा काका दारातच उभा. येणाऱ्या प्रत्येकाचे हात हातात घेऊन तेच सांगत होता : बांधकामावर होता, परांचीवरून पडला, देवाची मर्जी. एकदा. दोनदा. मलाही तेच सांगितलं, माझ्या डोळ्यांत बघून! मी मेलिस बायकेंकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते.

पेटी आदल्या दिवशी आली होती. बंद. उघडायची नाही असं सांगून दिलेली.

आत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या. अनारकान मधे. निळा झगा, डोक्याला काळं. मी तिच्यापाशी गुडघे टेकले. नुसती गळ्यात पडले. तिचं अंग लाकडासारखं. मग माझ्या कानाशी म्हणाली, "एजे, तुम्ही लिहिलं होतं ना..."

आणि तिची जाऊ चहा घेऊन मधे आली. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली — परांचीवरून पडला हो, काय नशीब पोराचं! अनारकानने तोंड परत भिंतीकडे केलं.

येताना गाडीत विचारलं, हे परांचीचं काय? बायके म्हणाले, परक्या सैन्यात जाणं इथे गुन्हा आहे. अनारकानच्या धाकट्याला पोलिसात नोकरी लागायच्या बेतात आहे. काकाने ठरवलं, सगळ्यांनी मान डोलावली. "तुला नको म्हणालो तेव्हा मला हे माहीत नव्हतं," असंही म्हणाले. माझा विश्वास आहे.

ती काय म्हणणार होती? तुम्ही लिहिलं होतं ना, मग तुमच्या तोंडात किडे पडोत — असंच काहीतरी. हक्कच आहे तिचा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ग्रुपसाठी नवा नियम लिहिला. मी. राजकारण नाही, बातम्या नाहीत, अभिनंदन नाही, सांत्वन नाही. फक्त पाठ. बाकी सगळं ॲडमिन पुसतील.

मेलिस बायकेंनी फोन करून विचारलं, एवढं कडक कशाला? मी म्हटलं, तुम्हीच जिंकलात, आता घ्या. ते म्हणाले, यात जिंकलंय कोण, बाई.

ती मतदारयाद्यांवाली तरुण मुलगी — तिने मला वेगळा मेसेज केला, एजे, तुम्हीसुद्धा? उत्तर दिलं नाही.

अनारकानचा पाठ आला नाही. येणार तरी कसा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कणकेच्या पुऱ्या तळल्या. गेलेल्यांना तेलाचा वास पोचतो म्हणतात. वडिलांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, बेकतुरचं घेतलं. अबदीलने गुपचूप खाल्ल्या. थट्टा केली नाही.

८ मार्च, रविवार

बायकांचा सण. मुलांनी काल फुलं दिली. ग्रुपवर कुणीतरी शुभेच्छा टाकल्या, मी पुसल्या. नियम म्हणजे नियम.

पुसताना वाईटही वाटलं नाही. याचंच वाईट वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

काल बेकतुरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. मी गेले नाही, तब्येतीचं निमित्त सांगितलं. तब्येतीला काय धाड भरलीय!

आज अनारकानचा फोन. उचलला. तिने आधी माझी, अबदीलची, मुलांची, सगळ्यांची चौकशी केली, रीतीप्रमाणे. मग म्हणाली, "एजे, तुमची ती पोस्ट पुसली गेलीय. परत टाका."

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं हिचं.

नाही. अगदी शांत बोलत होती. म्हणाली, घरात सगळे परांची म्हणतात. काल जेवायला दोनशे माणसं होती, दोनशेही परांची म्हणाली. मौलवीसुद्धा. धाकटा माझ्या डोळ्यांत बघत नाही. रात्री मलाच वाटायला लागतं, पडलाच असेल. माझ्या पोराचं खरं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं आणि तेही पुसलं. मी म्हटलं, अनारकान, मी तुला तसं कळवायला नको होतं गं, मला माफ कर. त्यावर म्हणाली, "कळवलंत वाईट. पण खोटं नाही कळवलंत. बाकीच्यांनी गोड कळवलं असतं आणि खोटं."

पुढे म्हणाली, तिच्या जुन्या वर्गातली आणखी मुलं तिकडे जायची तयारी करतायत. त्यांच्या आया ग्रुपवर नाहीत, पण शिक्षक आहेत.

मला काका आठवला. धाकट्याची नोकरी आठवली. स्क्रीनशॉट, आठशे नोकऱ्या, माझा नियम. आणि मी म्हटलं — मी, तोलकुनने! — म्हटलं, "आत्ता नको, अनारकान."

ती म्हणाली, "बरं, एजे."

२५ मार्च, बुधवार

सुट्टी चालू आहे, सुट्टीत पाठ कुणी पाठवत नाही. आज अनारकानचा आला. मेलिस बायकेंचा फोन होता — वाचलास? नियमाप्रमाणे पाठच आहे, तोलकुन. राहू दे.

उतरवून ठेवते.

गोष्ट : एक मुलगा होता. त्याचं नाव बेकतुर. तो सायकलवरून जेवण पोचवायचा. मग तो परक्यांच्या लढाईत गेला आणि मेला. घरचे म्हणतात, तो परांचीवरून पडला.

पहिलीसाठी : मुलाचं नाव काय?

दुसरीसाठी : तो काय काम करायचा?

तिसरीसाठी : तो कसा मेला?

चौथीसाठी : हे त्याच्या आईला कुणी सांगायला हवं होतं?

खाली उत्तरासाठी ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.