अष्टगंधाची फासळी

२४ ऑगस्ट, रविवार
विमानाच्या खालच्या पंखाच्या डाव्या अंगाच्या फासळ्या बसल्या. बाल्सा लाकूड इतकं हलकं की हातात धरलं तरी हात रिकामाच वाटतो. जोर लावला तर मोडतं, नाही लावला तर खाचेत बसत नाही. सकाळभर श्वास धरूनच काम केलं.

दुपारी अनंता आला. चहा पिताना म्हणाला, "रंगा, ह्या वेगानं पुढच्या गणपतीला उडंल." वाटणी ठरलेली आहे. बांधणार मी, उडवणार तो. तो कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत असली विमानं उडवायचा, त्यामुळं मोटार, तारा, रिमोट हे त्याचं खातं. लाकूड माझं. संच दोघांनी मिळून मागवला, आणि दोन मजली पंखांचाच घेतला तो माझ्या हट्टानं. लहानपणी पिशोरच्या शाळेत भिंतीवरच्या तक्त्यात असंच दुमजली विमान होतं. खऱ्या विमानात मी अजून बसलेलो नाही. बसावं असंही फार वाटत नाही. पण आपण बांधलेलं वर जाताना बघावं, एवढं वाटतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल गणपती बसले. टेबल त्यांचं झालं, विमान पलंगाखाली. सौ. म्हणाली, "देवालाच जागा मागून घ्यावी लागली तुमच्या विमानाकडून." खरं आहे. आरतीच्या वेळी लक्ष दोनदा पलंगाखाली गेलं. मन जिथं गुंततं तिथं...

४ सप्टेंबर, गुरुवार
दत्ताच्या देवळातून येताना पुडीत थोडं अष्टगंध आणलं. सांगाडा तयार आहे. वरून प्लास्टिकची फिल्म चढवली की आतलं लाकूड परत हाताला लागणार नाही, म्हणून आजच पहिल्या फासळीला गंधाचा ठिपका लावला. नवी वस्तू वापरात घ्यायच्या आधी गंध, ही वडिलांची रीत. नांगर असो की सायकल. आणि अष्टगंधच. कुंकू आमच्याकडं पुरुष लावत नाहीत.

अनंता बघत होता. "आता विमान उडंल ना रे, का बसंल ध्यानाला?" हसला. पण ठिपका लावताना त्यानं पायातल्या चपला काढल्या होत्या. पंचवीस वर्षांची दोस्ती अशाच गोष्टींवर टिकते. तो देवाला मानत नाही, पण माझ्या देवाला मानतो.

९ सप्टेंबर, मंगळवार
फिल्म चढवली. पिवळी, अर्धवट पारदर्शक. इस्त्री फिरवली की ताणून बसते आणि ढोलकीसारखी वाजते. घरची इस्त्री मोठी पडत होती म्हणून शहागंजातून लहान आणली. दुकानदार म्हणाला, "इत्ती छोटी इस्तरी कू क्या करते चच्चा, गुड्डी के कपडे?" मी म्हणालो, विमानाचे. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि सुट्टे परत दिले.

पंख खिडकीशी उजेडात धरला. सगळ्या फासळ्या दिसतात, दिव्यासमोर हात धरल्यावर बोटं दिसतात तशा. ठिपकाही दिसतो, केशरी. पिवळ्यावर फार उठत नाही, पण मला दिसतो.

कालपासून पितृपक्ष लागला. अनंताला म्हणालो, या पंधरवड्यात नवं काही नको, पहिलं उड्डाण दसऱ्याला करू. तो म्हणाला, "इकडं तुझं पंचांग, तिकडं पाऊस. मी कुणाकडं बघू?" मग म्हणाला, "बरं बाबा, दसरा. सीमोल्लंघन." हातावर टाळी दिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अनंता विमान घेऊन गेला. मोटार आणि तारा बसवायच्या, त्याच्या गच्चीवरच्या खोलीत जागा आहे. पंख जुन्या साडीत गुंडाळून दिले. जिना उतरताना दोनदा सांगितलं, कोपरा लागेल. "अरे लेकरू नाय ते," म्हणाला. खोली एकदम मोठी वाटली.

१७ सप्टेंबर, बुधवार
मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. एकादशी. उघाड होता, स्वच्छ ऊन, वारा नव्हता. वाटलं, आज असता दसरा तर.

अनंताला फोन केला, उचलला नाही. दुपारी त्याचाच आला. "जावई आलेत पुण्याहून, सगळे वेरूळला निघालोय." मागं गलका होता. विमानाचं विचारलं तर म्हणाला, "आहे की. कुठं जातंय?"

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले. विमान आणायला जाऊ का विचारलं. अनंता म्हणाला, अजून तारा व्हायच्यात, मीच घेऊन येतो. आवाज बसलेला होता. पावसानं बऱ्याच जणांचा बसलाय.

२७ सप्टेंबर, शनिवार
आणून दिलं. मोटार फिरते, शेपटी हलते, पंखावरचे पडदे वरखाली होतात. सौ.लाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, जिवंत झालं.

अनंता लगेच निघाला. चहा ठेवला होता, तोही नको म्हणाला. जाताना म्हणाला, "खालच्या पंखाला फिल्मला फुगे आले होते, जरा इस्त्री मारलीय." मी म्हणालो बरं केलंस. फुगे मी ठेवले नव्हते. पण दमट हवेत येत असतील.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. करवत, पटाशी, पकड, लहान इस्त्री, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं. मध्ये विमान. पुसताना डाव्या खालच्या पंखावर अंगठा दाबला गेला. एका जागी टणक. मी लावलेला गोंद वाळल्यावरही थोडा दबतो, हा काचेसारखा.

उठून खिडकीशी नेलं. ठिपका आहे. पण लाल आहे.

बराच वेळ बघत राहिलो. पिवळ्या फिल्ममुळं असेल. इस्त्रीच्या उष्णतेनं गंधाचा रंग फिरला असेल. मग पाटावरचं अष्टगंध बोटाला लावून फिल्मखाली... नाही, फिल्मच्या तुकड्याखाली धरून बघितलं. केशरीच दिसतं.

सौ. म्हणाली, "पूजा करा की, काय बघत बसलात?" पूजा केली.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सकाळी अनंताचा फोन. दौलताबाद रोडच्या माळावर चिखल आहे, आज उडवायला नको, पुढच्या रविवारी बघू. बरं म्हणालो. मला त्याचा आवाज ऐकायचा होता. आवाजात काही नव्हतं.

संध्याकाळी सोनं द्यायला त्याच्याकडं गेलो. आपट्याची पानं दिली, गळाभेट झाली. त्यानं पाठीवर थोपटलं. मग वहिनी पेढ्यांची ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही यायला पाहिजे होतं. काय झोकात गेलं विमान वर. जावई तर बघतच राह्यले."

मी विचारलं, कोणत्या दिवशी.

"सुट्टी नव्हती का, एकादशीची. आम्ही म्हणलं रंगनाथ भाऊजींना बोलवा, तर हे म्हणाले, त्याला उपास असतो, तो उन्हात येत नाय. त्यानंच सांगितलंय तुम्हीच उडवा म्हणून. पडलं तेव्हा म्हणलं, आता भाऊजींना काय सांगायचं. पण ह्यांनी दोन दिवस बसून केलं सगळं नीट. माझा कुंकवाचा करंडासुद्धा मागून नेला वर. म्हणलं विमानाला कशाला? म्हणाले, लागतं."

अनंता आपट्याचं पान बोटांत फिरवत होता. वर बघितलं नाही. वहिनींना काही माहीत नव्हतं, त्या हसत होत्या. मी पेढा खाल्ला. छान झालेत, म्हणालो. त्या म्हणाल्या, विकतचे आहेत.

जिन्यापर्यंत तो आला. "रंगा," म्हणाला. मी चपला घालत होतो. घालून उतरलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
एकादशी. उपास. जपाला बसलो, माळ कितीदा तरी हातातच थांबली.

विमान पडलं याचं दुःख नाही. लाकडाचं आहे, पडणारच. मला न सांगता उडवलं, तेही एक वेळ गिळेन. हौस होती, जावयाला दाखवायचं होतं. जावयासमोर माणूस कसा होतो ते मी बघितलंय. पण मी देऊन टाकलं असं सांगितलं. माझ्या उपासाच्या नावावर सांगितलं. मी इथं खिडकीत बसून ऊन बघत होतो, तेव्हा तिकडं माझ्या तोंडची वाक्यं तयार होत होती. सौ.ला अजून बोललो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
फिल्म कापली. सौ. शेजारी उभी होती, तिला आता सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "कापू नका, चांगलं दिसतंय." तेच तर.

आत काम नीट आहे. मला वाटलं होतं कसंतरी चिकटवलेलं असेल. नवी फासळी जुनीच्या मापानं कापलेली, कडा घासून गुळगुळीत. दांड्याला जोड तिरका दिलाय, मी शिकवला होता तसाच. शेजारची एक फासळी तेवढी वाकडी बसलीय. आणि नव्या फासळीवर, माझा ठिपका जिथं होता बरोबर तिथं, कुंकू. करंगळीनं लावलेलं दिसतं.

मला फसवायला लावलं असेल, तर त्यानं रंग तरी नीट बघायचा होता. आणि फसवायला नसेल, तर कशाला? देव न मानणारा माणूस बायकोचा करंडा मागून वर नेतो, दार लावून लाकडाला कुंकू लावतो. लाकडाची माफी मागितली. माझी नाही. त्याच दिवसांत माझ्याशी फोनवर बोलत होता.

सौ. म्हणाली, "जाऊन विचारा एकदा." मी म्हणालो, मी का विचारायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार
अनंता आला, न कळवता. पलंगावर पंख उघडा होता. झाकायला वेळ मिळाला असता, पण झाकला नाही. त्यानं बघितलं आणि खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसला.

जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

"सांगणार होतो."
"कधी?"
"तू इचारशील तेव्हा." मग म्हणाला, "तुला नवमीलाच कळलं होतं ना? तुझ्या दारातच वहिनी म्हणाल्या आत्ता. मग तू का गप बसला इतके दिवस?"
मी म्हणालो, मी वाट बघत होतो.
"मी पण तेच करत होतो."

हे त्याला फार पटलेलं दिसलं. मला नाही पटलं. पडलेला आणि पाडणारा एकाच ओट्यावर बसून वाट बघत नसतात.

मग जे विचारायचं होतं तेच विचारलं. एकादशीचं का सांगितलंस? गावी गेलाय म्हणायचं. आजारी आहे म्हणायचं. काहीही.

तो पंखाकडं बघत म्हणाला, "दुसरं काय बी सांगितलं असतं तर बायकोनं तुला फोन लावला असता. तुझ्या उपासावर कुणी शंका घेत नाय."

सौ. चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. त्याला कळलं असावं आपण काय बोललो ते. चहा घेतला, पूर्ण प्यायला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. जाताना म्हणाला, "हवेत लई सुंदर गेलं रे. एकदा तरी तू..." आणि थांबला.

ते वाक्य मला ऐकायचं होतं आणि नव्हतंही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
हाताला काम नसलं की मन तेच चघळत बसतं. कुंकवाची फासळी पक्की आहे, तिला हात लावला नाही. शेजारची वाकडी होती ती काढली, नवी कापून घासून ठेवली. बसवली नाही.

ऑफिसात एक जण म्हणाला, तुमच्या मित्रानं विमान उडवतानाचा व्हिडिओ दाखवला होता, तुम्ही बांधलंय म्हणे. मी व्हिडिओ बघितलेला नाही. म्हणाला, पाठवू का? नको म्हणालो. दिवसभर फोन चारचौघांत वाजला की वाटायचं, पाठवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
एकादशी. सौ.नं भगर केली. दारात वसुबारसेचे दिवे.

उपास मी कधी कुणाला सांगून केला नाही. लहानपणी आई धरायची म्हणून धरला, मग राहिला. त्यात मागणं काही नव्हतं. आता माझ्या नावाचा एक उपास बाहेर फिरतोय. त्यात मी मोठ्या मनानं विमान देऊन घरी बसलोय. लोकांना तोच रंगनाथ आवडलाय. आज भगरीचा पहिला घास घेताना खरंच वाटलं, हा मी करतोय की तो?

दुपारी अनंताचा निरोप आला. तसाच लिहून ठेवतो. "रविवारी सकाळी माळावर ये. त्या दिवशी जे होते त्या सगळ्यांना बोलावलंय, जावईसुद्धा दिवाळीला आलेत. काय झालं ते त्यांच्यासमोर सांगतो. मग रिमोट तू धर, मी मागं उभा राहतो."

सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माणूस चार लोकांत मान खाली घालायला तयार आहे, अजून काय पाहिजे?" मला माहीत नाही काय पाहिजे. चार लोकांत सांगणं त्याला जमतं, हे आधीच बघितलंय. मला एकट्याला सांगणं जमलं नव्हतं. जावयासमोर खोटं बोलला तसा जावयासमोरच खरंही बोलेल, आणि लोक पुन्हा म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. या वेळी त्याला म्हणतील, एवढाच फरक. असा विचार येतो. मग लगेच वाटतं, इतकं कडू मन घेऊन देवासमोर बसतो कसा मी.

उत्तर दिलेलं नाही.

फासळी आत्ता बसवली तर रविवारपर्यंत गोंद वाळून फिल्म चढवता येते. उद्यावर टाकलं तर नाही जमणार. बाटली उघडून समोर ठेवलीय. हा गोंद उघडा राहिला की वर साय धरते. अजून धरलेली नाही.