भट्टीजवळचा 'मी'

सर, परवाच्या रविवारी तुमच्या आठवणीत सभा झाली आणि तुमच्या पुस्तकातलं भट्टीचं प्रकरण मी वाचलं. काकूंनीच सांगितलं होतं, "तूच वाच रे बाबू, तुझे उच्चार त्यायनंच घडवले." मी हो म्हणालो आणि आठवडाभर धड झोपलो नाही. उभं राहून सगळ्यांना खरं सांगावं की नाही, एवढंच डोक्यात होतं.

खरं तुम्हाला माहीत आहे. अकरावीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्हीच मला चौबे कॉलनीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात बसवलंत. काकू वरणात मुनग्याच्या शेंगा टाकताहेत आणि तुम्ही मला त्या जपानी लेखकाबद्दल सांगताहात. आधी एका लहानशा वृत्तपत्राचा बातमीदार, मग ती नोकरी सोडून मोटारींच्या कारखान्यात हंगामी मजूर. मजुरांच्याच खोलीत राहिला, त्यांच्यासारखाच राबला आणि मग पुस्तक लिहिलं. पुढे खाणी, अणुवीज केंद्रांशेजारची गावं. म्हातारपणीही लिहीतच राहिला. "लोकाइले विचारून लिहिणारे लय आहेत," तुम्ही म्हणालात. "हा सोता लाइनीत उभा राहिला. काहून? दुसऱ्याच्या पाठीचं दुखणं आपल्या नावावर लिहू नये म्हणून."

मला स्पंज आयर्नच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश झालात. "आता तू आपला जपानी! डोळे उघडे ठेव. रविवारी येऊन बोलत जा. मग तू लिही, मी तपासतो." मी बोलत गेलो. भट्टीजवळच्या फरशीला चपलेचा तळ चिकटतो म्हणून आम्ही ओलं पोतं टाकून उभे राहतो, हे सांगितलं. तपासणीचा साहेब येण्याआधी ठेकेदार नवीन हेल्मेट वाटतो आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली की परत घेतो, हेही. आई म्हणते, माझ्या उशीलाही लोखंडाचा वास येतो, हेसुद्धा. लिहायला मात्र मला वेळ लागत होता, एकेक ओळ मी पुन्हा पुन्हा खोडत होतो. तुम्ही म्हणायचात, "घाई काय आहे?"

घाई तुम्हाला होती. पुस्तक आलं. त्यात भट्टीजवळ एक 'मी' उभा होता आणि तो तुम्ही होतात, निवृत्तीनंतर ओळख लपवून कारखान्यात राबलेले मास्तर. पोतं तुमचं, हेल्मेट तुमचं. पुढे लिहिलं होतं, 'आई म्हणाली, तुझ्या उशीलाही लोखंडाचा वास येतो.' सर, तुमची आई तर तुम्ही लहान असतानाच गेली होती. माझी मजुरी घेतलीत, ते एक वेळ समजू शकतो. माझी आई कशाला घेतलीत?

मी एकदाच विचारलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "तुझं नाव टाकलं असतं तर तुझी नोकरी गेली असती ना बाबू." तेव्हा मी कारखाना सोडून पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात लागलो होतो. त्या क्षणी तुमच्या अंगात जो सदरा होता, त्याचं कापड मीच आणलेलं होतं. त्यानंतर मी रविवारी आलो नाही आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात. भांडायलाही कुणी उरलं नाही.

सभेत काकू पहिल्या रांगेत होत्या. मी पुस्तक उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तुमचा 'मी' जसा होता तसा वाचला. मागे बसलेले एक काका शेजाऱ्याला म्हणाले, "पोट्टा वाचून तर असा राहिला, जसा हाच गेला होता भट्टीवर!" दोघंही हसले. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, काकूंना तर नाहीच. फक्त एक कबूल करतो. सभेआधी रोज रात्री पेन्सिल घेऊन मी ते प्रकरण तपासत होतो. चूक सापडावी, असं फार वाटत होतं. एक शब्दही बदलावासा वाटला नाही.