लुगडे नेसलो, पण प्यालो नव्हतो

वलगाव,
मार्गशीर्षातला पहिला सोमवार

आमच्या दुर्गाबाईंचे वडीलबंधू रा. रा. किसनराव, मुक्काम अकोला, यांस खुशालरावाचा लवून रामराम.

आपली प्रकृती, वहिनींची कंबर, परसातला पेरू आणि दुर्गा, सर्वांचे क्षेम कळवावे. (तिची विचारपूस शेवटी केली. आधी केली असती तर बाकीच्यांची राहून गेली असती.) इकडे मी बरा आहे. घर बरे नाही.

मला लुगडे नेसून गोठ्यात बसलेले लोकांनी पाहिले, हे आपल्या कानी आलेच असेल. ते खरे आहे. मी पिऊन होतो असेही आले असेल. ते खोटे. दुर्गा माझ्या पिण्याला कंटाळून माहेरी निघून गेली, तेव्हापासून म्हैस मला पान्हा सोडीना. (तिचे तरी काय चुकले?) शेवटी दुर्गाचे मागे राहिलेले हिरवे लुगडे अंगाला गुंडाळले, पदर डोक्यावर घेतला आणि चरवी घेऊन बसलो. म्हशीने एकदा हुंगले आणि धार लागली. चरवी भरली तरी मला उठवेना, कारण लुगड्याला अजून शिकेकाईचा वास होता. नेमके तेव्हा शेजारचे रामराव बैलजोडी मागायला आले. इतकी वर्षे प्यालो, गावाने कधी ब्र काढला नाही. सोडली आणि पक्का दारुडा ठरलो.

सोडणे एक वेळ जमते हो, पण सोडून बसायचे कुठे? पिणाऱ्याला गावात दहा ओटे मोकळे, सोडणाऱ्याला एकही नाही. अमरावतीत अशा लोकांची बैठक भरते असे कळले, म्हणून गेलो. ती निघाली दारूनिषेधाची जाहीर सभा. मोरोपंत वकील बोलत होते. त्यांनी जन्मात थेंब चाखलेला नाही आणि ऐकणाऱ्यांनीही नाही. मी भोळेपणाने उभा राहून सांगितले की मी पिणाऱ्यांपैकी. मोरोपंतांना एवढा आनंद झाला! मला व्यासपीठावर नेले, हार घातला आणि माझे डोळे, हात, जीभ सभेला एकेक करून दाखवली. एका आजीबाईंनी बोट लावून पाहिले. निघताना चिटणीस हळूच म्हणाले की पुढच्या सभेला थोडी घेऊनच यावे, म्हणजे परिणाम नीट दाखवता येईल.

मग कोणी बडनेरा सुचवले. तिथे रेल्वेची काही माणसे बुधवारी संध्याकाळी बसतात म्हणे. टांगेवाल्याला सांगितले, दारू सोडलेले लोक बसतात तिथे ने. त्याने ‘दारू’ एवढेच ऐकले आणि मला ठेक्याच्या दुकानाच्या दारात उतरवले. आतून मोहाचा वास आला. किसनराव, खोटे कशाला सांगू, माझा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. तेवढ्यात समोरच्या निंबाखालून आवाज आला, “पाटील, सोडून राहिले का धरून राहिले?”

ते केशवराव, रेल्वेतले फिटर. बैठक तीच, ऐन दुकानासमोर. इथेच कावून बसता, असे मी विचारले, तर म्हणाले, “पायांले हाच रस्ता पाठ हाय. दुसरा कोण शिकवत बसते?” चारपाच माणसे. कोणी उपदेश करीत नाही. आठवडा कसा गेला ते ज्याने त्याने सांगायचे. चहा पार्बताबाई करतात. त्यांचा नवरा सोडून गेला, म्हणजे आधी दारू सोडून आणि मग जग सोडून, हे त्या अभिमानाने सांगतात. त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून अजून येऊन बसतात.

माझी पाळी आली. पिऊन मी किती रंगवून बोलतो ते आपण ऐकले आहे. तिथे एवढेच म्हणालो, “माही दुर्गा अकोल्याले हाय.” पार्बताबाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

आता दर बुधवारी जातो. जरा लवकरच जातो. अकोल्याची गाडी येते, बायकांच्या डब्यातून कोण कोण उतरते ते पाहतो आणि मग निंबाखाली जाऊन बसतो. (कोणी विचारले तर सांगतो, पाय मोकळे करायला स्टेशनावर गेलो होतो.)

फार लिहिले, थोडे समजलात तरी पुरे.

आपला
खुशालराव

ता. क. हे पत्र माझ्यासाठी लिहिलेले नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेत वच्छलावहिनी भेटल्या. तुमची नणंद का आली नाही असे विचारले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पोळ्यापासून तुमचेही पिणे सुरू झाले आहे आणि घरी तुमच्यापाशी कोणीतरी लागते, म्हणाल्या. दुर्गाचा माझ्यावरचा राग केव्हाच गेला, पण भावाला असे टाकून निघू कशी, म्हणते. किसनराव, मी तुम्हाला बोल लावणार नाही, मला तो अधिकार नाही. निंबाखाली जागा आहे. येत्या बुधवारी या.

आणखी ता. क. एकटे येऊ नका. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी राहते, आणि स्टेशनाबाहेर काय मिळते ते आपणा दोघांनाही ठाऊक आहे. तुम्हाला खिडकीशी बसवून स्वतः वाट अडवून बसेल, असे तुमच्या घरात एकच माणूस आहे. तिला घेऊन या.